खैरलांजी: साक्ष देणाऱ्या मुलीची शेवटची संध्याकाळ

खैरलांजी म्हटले की आपल्या बॅनरवर चार मृतदेह येतात. सुरेखाबाई, सुधीर, रोशन आणि प्रियंका. आम्हाला आज प्रियंकाच्या शेवटच्या तासांविषयी बोलायचे आहे, आणि ते मोजायला संध्याकाळच्या हल्ल्यापासून सुरुवात करणे आम्हाला मान्य नाही.

3 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबाचे पाठीराखे असलेल्या शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना खैरलांजीच्या लोकांनी मारहाण केली. सुरेखाबाई आणि प्रियंका यांनी मारणाऱ्यांना ओळखले आणि पोलिसांना तसे सांगितले. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात आपली घरे बोटांवर मोजण्याइतकी. शिकणाऱ्या एका पोरीने तिथे गावाविरुद्ध तोंड उघडले! तिला नुसती 'पीडित' म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. ती साक्षीदार होती.

29 सप्टेंबरला आरोपी मोहाडीच्या न्यायालयात हजर झाले आणि त्याच दिवशी जामिनावर सुटले. ज्यांच्या जबाबावर अटक झाली, त्या मायलेकींच्या दारात एक शिपाईही नव्हता. जमाव आधी कांद्रीला पोलीस पाटलांना शोधत गेला, ते सापडले नाहीत, मग खैरलांजीत आला. घरी संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ. भैयालाल यांनी लपून पाहिले आणि मदतीसाठी धावले. आंधळगावच्या पोलिसांना त्याच रात्री कळले होते. दुसऱ्या दिवशी प्रियंकाचा मृतदेह कालव्यात सापडला.

जमाव दारात आल्यापासून कालव्यापर्यंत तिच्यावर काय काय झाले? इथे कागद मुका होतो, आणि आमच्या मते तो मुका केला गेला. पहिल्या शवविच्छेदनात बलात्काराची तपासणीच नीट झाली नाही. नंतर पुरलेले मृतदेह उकरले, पण कालव्याच्या पाण्याने आणि मातीने तोवर आपले काम केले होते. गाव गप्प राहिले. बोलले ते सुरेखाबाईंच्या चारित्र्यावर.

दसरा 2 ऑक्टोबरला होता. धम्मदीक्षेची 50 वर्षे म्हणून आपण लाखोंनी दीक्षाभूमीवर जमलो होतो. भंडारा तिथून साठेक किलोमीटर. तरी ही बातमी बहुतेकांना कितीतरी दिवसांनी समजली. आपल्या पोरांनी रस्त्यावर उतरून ती ऐकायला भाग पाडले, तेव्हा कुठे तपास सीबीआयकडे गेला.

सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने 8 जणांना दोषी धरले. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. विनयभंगाचा आणि अ‍ॅट्रॉसिटीचा आरोप मात्र टिकला नाही. 14 जुलै 2010 ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांची कैद दिली. कारण सांगितले गेले सूडाचे. साक्ष दिली म्हणून सूड, असे न्यायालयच म्हणते. मग आम्ही विचारतो, त्याच गावातल्या वरच्या जातीच्या मुलीने साक्ष दिली असती, तर तिच्या घरावर असा जमाव गेला असता काय?

भैयालाल भोतमांगे जानेवारी 2017 मध्ये वारले. तेव्हा खटला सर्वोच्च न्यायालयात पडून होता.