मतपेटीपूर्वीचा आवाज

१९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात प्रांतिक विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा मताचा हक्क सारा व कर भरणाऱ्यांपुरता किंवा ठरावीक शिक्षण झालेल्यांपुरता होता. मालगुजाराच्या वावरात कापूस वेचणाऱ्या मजुराचे नाव यादीत बहुधा नसेच. त्या तोकड्या मताधिकारातूनही काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले खरे. परंतु ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही लोकनियुक्त सभेचा कौल न घेता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, आणि सरकारदरबारी त्या मतांचे मोल काय, हे सर्वांस कळून चुकले. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

यानंतर सेवाग्रामी बसून गांधीजींनी जो मार्ग काढला, त्याची महती मला आजही विलक्षण वाटते. जे लाखोंच्या मतांना साधले नाही, ते एकेकाच्या वाणीवर सोपवावे, हा तो मार्ग. सत्याग्रहीने जिल्हा मॅजिस्ट्रेटास स्थळ व वेळ यांची आगाऊ इत्तला द्यावी, नेमल्या जागी उभे राहून युद्धास माणसे वा पैसा पुरविणे अयोग्य असल्याचे उघड सांगावे, आणि पकडले जाईपर्यंत सांगत राहावे. याहून अधिक काही करावयाचे नव्हते. उच्चार हाच अपराध आणि उच्चार हेच शस्त्र.

या कामी पहिला मान पंडित नेहरूंना नव्हे, तर धाम नदीकाठच्या आश्रमात सूत कातणाऱ्या, देशाला फारशा परिचित नसलेल्या विनोबा भाव्यांना मिळाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी ते पवनारला बोलले, पुढे आसपासच्या गावांतून बोलत गेले, आणि २१ तारखेस देवळी येथे त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची कैद झाली. सुटताच ते पुन्हा बोलले, पुन्हा तुरुंगात गेले. असे एकूण तीनदा घडले. सरकारने वृत्तपत्रांचे तोंड बांधले, तेव्हा गांधीजींनी आपली साप्ताहिके स्वतःहून थांबविली आणि प्रत्येकाने चालतेबोलते वृत्तपत्र होऊन वार्ता मुखोमुखी पोचवावी, असे सांगितले. ज्या मुलखात सरकारी हुकूमही कोतवालाच्या दवंडीने गावात पोचे, तेथे ही सूचना कोणास समजावून देण्याची गरज नव्हती.

प्रौढ मताधिकाराने पहिली लोकसभा निवडली गेली ती १९५१-५२ च्या हिवाळ्यात. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी व तिच्यावर त्याचे चिन्ह असे. अक्षरओळख नसलेल्या मजूर बाईने मतपत्रिकेवर कसलीही खूण न करता ती पसंतीच्या पेटीत टाकली की मत झाले. वर्ध्यातून श्रीमन्नारायण अग्रवाल निवडून आले. विनोबा सप्टेंबर १९५१ मध्येच पवनारहून पायी निघाले होते, आणि हे मतदान चालू असता ते उत्तर प्रदेशाच्या खेड्यांतून भूमिहीनांसाठी जमीन मागत हिंडत होते.