पळीभर तेलावर चाललेली शाळा: पाटणादेवीची रानवाट

हेडफोन लावलेत? मग चला, आज जरा पायी फिरायचंय.

भडगावच्या एका पोराने मेसेज टाकला होता. "दादा, तुम्ही सारखे सह्याद्रीचे किल्ले सांगता. आमच्याकडे काय आहे? केळी, कापूस आणि ऊन. बारावी झाली की पुण्याला पळायचं, बस." मेसेज वाचून हसू आलं, पण शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हा एपिसोड त्याच्यासाठी. आणि जे पळाले किंवा पळायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठीही.

भडगावहून गिरणेचा काठ सोडून दक्षिणेला निघालात की चाळीसगाव लागतं. तिथून साधारण अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. मैदान संपतं आणि समोर सातमाळ्याची डोंगररांग आडवी येते. साग, पळस, धावडा असं पानगळीचं रान. उन्हाळ्यात सगळं खराट्यासारखं होतं आणि दोन पाऊस पडले की ओळखू येत नाही इतकं हिरवं. हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. थोडं जळगाव जिल्ह्याच्या बाजूला, बरंचसं घाटावर कन्नडच्या बाजूला. बिबट्या आहे बरं का, त्यामुळे अंधार पडायच्या आत परतायचं.

बहुतेक लोक इथे दोन गोष्टींसाठी येतात. एक चंडिकादेवीचं दर्शन. दुसरी म्हणजे पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थाचे धबधबे. रील काढायची, भजी खायची, घरी. त्यात वाईट काही नाही, मीही तेच करायचो. पण ज्या वाटेने आपण धबधब्याकडे जातो, ती एका हरवलेल्या शहरातून जाते हे माहीत असलं की चालण्याची मजाच बदलते.

त्या शहराचं नाव पाटण. बाराव्या शतकात इथे निकुंभ घराण्याचं राज्य होतं. हे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक. झाडीत जे महादेवाचं जुनं दगडी देऊळ दिसतं ना, तिथला शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे सन ११५३ चा. आज आजूबाजूला रान आहे, पण तेव्हा इथे बाजारपेठ होती, तेलाचे घाणे होते, मापं घेऊन बसलेले मापारी होते. हे मी मनाने सांगत नाही, दगडावर कोरलेलं आहे. फक्त त्यासाठी दुसरा एक लेख वाचावा लागतो. आजची खरी गोष्ट त्याचीच.

हा दुसरा लेख पाटणच्या देवीच्या देवळातला. मुंबईतले प्रसिद्ध डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांसमोर आणला. लेखात एका घराण्याच्या पिढ्या दिल्या आहेत आणि त्यात एक नाव आहे भास्कर. होय, तेच. 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिणारे भास्कराचार्य.

थोडी उजळणी करू. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. अकबराच्या सांगण्यावरून १५८७ मध्ये फैजीने 'लीलावती'चा फारसीत अनुवाद केला, इतकी तिची कीर्ती पसरली होती.

आता जरा नाजूक विषय. "भास्कराचार्य पाटणचेच" असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. त्यांनी स्वतः आपल्या गावाचं नाव विज्जलविड असं दिलंय, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेलं. ते विज्जलविड म्हणजे नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी पाटण म्हणतं, कुणी बीड, कुणी विजापूर. त्यामुळे जन्मगावावरून भांडण्यात मला रस नाही. कारण जे दगडावर पक्कं कोरलेलं आहे, ते मला जन्मगावापेक्षा मोठं वाटतं.

लेख सांगतो की भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर मोठा विद्वान होता. यादव राजा जैत्रपालाने त्याला याच गावातून आपल्याकडे नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. म्हणजे बघा, गावातल्या सगळ्यात हुशार पोराला मोठ्या दरबाराचं बोलावणं आलं आणि तो गेला. आठशे वर्षांपूर्वीही हेच चाललेलं!

पण गोष्ट तिथे संपत नाही. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव पुढे यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. (वटेश्वर चांगदेव वेगळे, गल्लत नको.) त्या काळातली यापेक्षा मोठी नोकरी कुठली? आणि याच चांगदेवाने पाटणला मठ काढला. मठ म्हणजे आपल्या भाषेत शाळा. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ, विशेषतः 'सिद्धान्तशिरोमणी', आणि घराण्यातल्या बाकीच्यांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. राजदरबारात पोचलेल्या नातवाने शाळा काढली ती इथे, डोंगराच्या पायथ्याशी.

निकुंभ राजा सोइदेवाने या मठाला दान दिलं, सगळ्या लोकांसमोर, हातावर पाणी सोडून. तारीख शके ११२८, श्रावण पौर्णिमा, म्हणजे सन १२०७. वेळ चंद्रग्रहणाची. ग्रहणाला दान देणं ही तेव्हाची रीतच होती, पण इथे जमलेल्यांत ग्रहण कधी लागणार हे गणिताने काढू शकणारी माणसं होती. श्रावणातलं आभाळ, ढग असतील नसतील. गणित काही ढगांवर अवलंबून नव्हतं.

आता लेखाचा शेवट ऐका, कारण तो मला सगळ्यात आवडतो. वरचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण खाली, शाळेचा खर्च कसा चालायचा हा हिशेब आला, की भाषा बदलते. मराठी सुरू होते! १२०७ ची मराठी, ज्ञानेश्वरीच्या ८३ वर्षं आधीची. राजाची स्तुती संस्कृतात असली तरी चालेल, पण ज्यांनी पैसे द्यायचे त्यांना नियम कळायला नकोत? मला तरी यामागे हेच कारण दिसतं.

नियम साधे आहेत. पाटणच्या पेठेत माल विकला गेला की गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं, ते मठाला. जितके घाणे चालतील, तितक्यांनी एकेक पळी तेल द्यायचं. आणि जे काही मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं, मोजणावळीतला अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला.

पळी! आपल्या घरात फोडणीला असते तीच. जगात गाजलेलं गणित शिकवणारी शाळा पळीपळीने गोळा झालेल्या तेलावर चालत होती. ज्या तेल्याने ते तेल दिलं, त्याला ग्रहगणितातलं अक्षरही कळत नसेल. पण त्याच्या घाण्याशिवाय शाळेतला दिवा लागला नसता. म्हणून म्हणतो, भास्कराचार्य कुठे जन्मले यापेक्षा त्यांना कोणी टिकवलं हे मोठं. ते या वाटेवरच्या पेठेने टिकवलं.

ही वाटही आजची नाही. पाटणच्या वर डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथल्या लेखांत पैठणचे दानकर्ते आहेत, त्यात अत्तराचा व्यापार करणाऱ्या घरातला एक जण आहे. लेण्यात सापडलेल्या एका यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव कोरलेलं आहे. तो यक्ष आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात. पैठणहून घाट उतरून खान्देशात येणारा माल या डोंगरांतूनच जायचा. बाजूच्या कन्हेरगडावर नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी अशी लेणी आहेत, म्हणजे जैन मंडळीही इथे राबती होती. आणि कन्नड घाटाला औट्रमचं नाव का? तर १८२५ मध्ये खान्देशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम. घाटाला नाव त्याचं पडलं, पण या रानाच्या वाटा भिल्लांच्या पायाखालच्या होत्या, त्याच्या कितीतरी आधीपासून.

तर कधी जायचं? पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या आसपास. नवरात्रात गर्दी असते, ते दिवस टाळा. धबधब्याच्या दगडांवर शेवाळ असतं, सेल्फीसाठी कडेला जाऊ नका. डोंगरातून पितळखोऱ्याकडे चढायचं असेल तर वनखात्याला विचारून आणि गावातला वाटाड्या घेऊनच. नाहीतर सरळ कन्नड घाटाने गाडीरस्ता धरा.

आणि महादेवाच्या देवळापाशी दम खायला बसलात की 'लीलावती'तलं हे कोडं एकमेकांना घाला. बत्तीस हात उंच बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. बांबू किती उंचीवर मोडला? फोन खिशात ठेवा, काटकीने मातीत आकडेमोड करा. उत्तर बारा हात. का, ते तुम्ही काढा.

आणि भडगावच्या मित्रा, तू पुण्याला जा. खुशाल जा. लक्ष्मीधरही गेलाच होता. फक्त त्याच्या मुलाने पुढे काय केलं तेवढं लक्षात ठेव. शाळा काढायला जमलं नाही तर पळीभर तेल तरी दे.

भेटूया पुढच्या भागात. तोवर चालत राहा.