तोफेच्या तोंडून डब्यात

ज्वारीची लाही फुटायला तापलेली कढई पुरते. दाण्याचं टणक कवच आतली वाफ शेवटपर्यंत कोंडून धरतं आणि मग एकदम उकलतं. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, लक्ष्मीपूजनाला साळीच्या, लग्नात लाजाहोमाला पुन्हा साळीच्याच. या मानाच्या पंगतीत गहू नाही. कढईत टाकला तर तो तडतडतो, खमंग होतो, फार तर किंचित फुगतो. त्याच्या सालीतून वाफ आधीच निसटते.

त्याला फुलवायला चक्क तोफ लागली.

अलेक्झांडर अँडरसन हे मिनेसोटाचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०१च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात ते स्टार्चच्या कणात पाणी असतं का, एवढंच तपासत होते; खाऊ करण्याचा विचारही नव्हता. स्टार्च भरलेली बंद काचनळी त्यांनी तापवली आणि हातोडीने फोडली. दाब सुटला, पाण्याची वाफ झाली आणि आतला स्टार्च पांढराशुभ्र फुलून आला. मग अख्ख्या दाण्यांवरही तोच प्रयोग. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात क्वेकर ओट्स कंपनीने याच तंत्राने लोकांसमोर तोफांतून तांदूळ उडवले. फुललेले गहू सुरुवातीला ‘व्हीट बेरीज’ नावाने विकले जात. जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी ते ‘पफ्ड व्हीट’ केलं आणि ‘तोफेतून उडवलेलं अन्न’ म्हणून गाजवलं. जाहिरातीत प्राध्यापक अँडरसनही झळकले. तोफ असताना वेगळं रंगवायचं तरी काय!

मराठी घरात मात्र या गव्हाच्या लाह्या तयारच आणाव्या लागतात आणि आल्या की त्यांच्यावर चुरमुऱ्यांच्या चिवड्याचेच संस्कार होतात. आधी मंद आचेवर कोरड्याच परतायच्या, चिमटीत दाबली की चुरली पाहिजे. मग मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, शेंगदाणे, डाळं. हळद फोडणीत, मीठ आणि पिठीसाखर वरून. साधी साखर तळाशी बसते.

खरी परीक्षा डब्याची. कोमट चिवड्यावर झाकण लावलं की त्याचीच वाफ त्याला सादळवते. ज्या वाफेने दाणा फुलला, तीच त्याला वातड करते. म्हणून परातीत पसरून पूर्ण गार करायचा, मगच घट्ट झाकणाच्या डब्यात. कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड वेगळ्या डबीत. मधल्या सुट्टीत कालवायला.