बेळगाव ते पुणे, एका चार्जमध्ये

भारतातल्या विजेच्या मोटारीचा इतिहास सांगायचा तर दोन शहरांची नावे आधी घ्यावी लागतात, बंगळूर आणि पुणे. बाजारात खऱ्या अर्थाने टिकलेली पहिली गाडी, 'रेवा', २००१ साली बंगळुरात विक्रीला आली. आज ज्यांची चर्चा चालते त्या गाड्या पुण्याजवळ रांजणगावला आणि चाकणला तयार होतात. आणि या दोन शहरांना जोडणारा रस्ता आपल्या दारावरून जातो. पूर्वीचा चार नंबरचा हायवे, आताचा अठ्ठेचाळीस. काकती, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, कोगनोळीचा नाका. त्यामुळे हा इतिहास आपल्याला याच रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर मोजता येतो. तसा तो मोजावासा वाटला, कारण हल्ली लग्नकार्यात, बारशात, मंडळाच्या बैठकीतसुद्धा एक प्रश्न हमखास कानावर येतो, "एकोणसाठची घ्यावी की एकोणऐंशीची?"

हा प्रश्न महिंद्राच्या बीई सिक्स या गाडीचा. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी ती जाहीर झाली आणि तिच्यात दोन बॅटऱ्या ठेवल्या गेल्या, ५९ किलोवॅट-अवर आणि ७९ किलोवॅट-अवर. हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या हेस्कॉमच्या बिलावरचे एक युनिट. ७९ ची बॅटरी म्हणजे ७९ युनिट मावणारी टाकी, इतकेच.

ही टाकी लहान की मोठी, हा वाद मात्र सव्वाशे वर्षांचा आहे. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी शिसे-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते याने १८५९ मध्ये बनवली. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियमच्या कामिल जेनात्झीने पॅरिसजवळ ताशी १०५ किलोमीटरच्या वर गाडी पळवली. शंभराचा आकडा ओलांडणारी जगातली ती पहिली मोटार, आणि ती पेट्रोलची नव्हती, विजेची होती. तिचे फ्रेंच नाव होते 'कधीच समाधान न होणारी'. गाडी घेणाऱ्या माणसाला इतके नेमके नाव पुन्हा कुणी दिले असेल असे वाटत नाही! वेग होता, आवाज नव्हता, धूर नव्हता. कमी पडले ते अंतर. शिशाची बॅटरी वजनाला जड आणि साठवणीला तोकडी. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकला बटणावर चालू होणारा स्टार्टर बसला, पेट्रोलची गाडी हँडल मारून चालू करायची कटकट गेली आणि विजेची मोटार मागे पडली.

नव्या वाहनाकडे शंकेने बघणे आपल्याकडेही नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, तिथून त्यांच्या उद्योगाची सुरुवात झाली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. रेवाचेही थोडेफार तसेच झाले. चेतन मैनी यांच्या कंपनीची ही इवलीशी गाडी, दोन दारांची, दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले बसतील एवढी. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, सगळ्या शिशाच्या. हिशेब केला तर साडेनऊ युनिटांची टाकी. कंपनी सांगे, पूर्ण चार्जवर ८० किलोमीटर. आता आपला दगड लावून बघा. बेळगाव ते निपाणी साधारण ७५ किलोमीटर. म्हणजे तवंदी घाटाने कृपा केली तर निपाणी गाठायची आणि रात्री तिथेच पाहुण्यांकडे मुक्काम करून, त्यांच्याच घरचे प्लग वापरून परत यायचे. आपल्या भागात ही गाडी कुणी फारशी घेतली नाही यात नवल नाही.

पण याच रेवाने लंडनमध्ये 'जी-विझ' या नावाने नाव काढले. तिथे २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी नेली की रोज शुल्क भरावे लागे, विजेच्या गाडीला ते माफ होते. लंडनच्या माणसाने रेवा घेताना बॅटरीच्या आधी पावती बघितली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढे ती आपल्याच अंगणात येणार आहे.

२०१० मध्ये महिंद्राने रेवा कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि मार्च २०१३ मध्ये 'ई-टू-ओ' आणली. शिसे गेले, लिथियम आले. सोनीने १९९१ मध्ये कॅमेऱ्यासाठी बाजारात आणलेली ही बॅटरी तोपर्यंत मोबाईलमधून घराघरांत पोहोचली होती. अंतर मात्र १०० किलोमीटर. बेळगावहून हुबळी गाठेल न गाठेल. २०१७ मध्ये केंद्राच्या एका कंपनीने सरकारी कार्यालयांसाठी दहा हजार विजेच्या गाड्यांची निविदा काढली, तेव्हाही अंतर पुरत नाही अशा तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. आम्ही सरकारी माणसे. साहेबांचा दौरा तालुक्याला गेला की परत कधी येईल हे खुद्द साहेबांनाही माहीत नसते, तिथे अशा गाडीचा निभाव कसा लागणार!

खरे वळण २०२० च्या जानेवारीत आले. टाटांची नेक्सॉन, ३०.२ युनिटांची टाकी, कागदावर ३१२ किलोमीटर. प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास मिळाले तरी बेळगावहून कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन घेऊन, जाता-येता २३० किलोमीटर, वाटेत थोडे चार्जिंग करून परतणे जमण्यासारखे होते. मे २०२२ मध्ये तिचीच ४०.५ ची आवृत्ती आली आणि ते थोडे चार्जिंगही वाचले. एकाच गाडीत लहान टाकी की मोठी, हा प्रश्न आपल्याकडे घरगुती झाला तो तेव्हापासून.

आता बीई सिक्स. कागदावर ५९ ला साडेपाचशेच्या थोडे वर आणि ७९ ला ६८० च्या वर किलोमीटर. हे आकडे ज्या चाचणीत मिळतात तिचे संक्षिप्त नाव एमआयडीसी. आपल्याला एमआयडीसी म्हटले की गोकुळ शिरगाव आठवते, पण ही गाड्यांची चाचणी, आणि तिच्यात वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. हायवेवर एसी लावून, चार माणसे आणि सामान घेऊन निघालात तर एका युनिटला सहा किलोमीटर धरावेत. मी डिप्लोमावाला माणूस, सुरक्षित आकडा धरून चालतो. या हिशेबाने ५९ ची गाडी साधारण ३५० किलोमीटर जाते आणि ७९ ची पावणेपाचशे.

बेळगाव ते पुणे सुमारे ३४५ किलोमीटर. बघा, ५९ ची टाकी नेमकी पुण्याच्या वेशीवर रिकामी होते. म्हणजे एक थांबा आलाच. कराडला पंधरा युनिट भरून घेतली की झाले. चार्जर ६० किलोवॅटचा असेल तर ते पाव तासाचे काम आहे, मिसळ आणि चहा तेवढ्यात होतो. ७९ ची गाडी न थांबता पुण्यात पोहोचते आणि वर सव्वाशे किलोमीटर शिल्लक ठेवते. आता उलट दिशा धरा. बंगळूर पाचशे किलोमीटर. तिथे मोठ्या टाकीलाही एक थांबा घ्यावा लागतो आणि लहान टाकीलाही एकच, फक्त तो थोडा लांबतो. चोर्ला घाटातून पणजी, कोल्हापूर, हुबळी, इथे तर दोघींत काही फरक पडत नाही. शहरात रोज तीस किलोमीटर फिरलात तर पाच युनिट लागतात, लहान टाकीसुद्धा दहा-अकरा दिवस पुरते. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर ती पाच युनिट दोन तासांच्या आत भरतात. मोठा चार्जर बसवायचा तर आधी मीटरचा मंजूर लोड बघून घ्या, नाहीतर गणपतीच्या दिवसांत आरास चालू असताना फ्यूज उडायचा.

म्हणजे वरची वीस युनिटे आपल्या आयुष्यातल्या फक्त एका रस्त्यासाठी आहेत, पुण्याच्या. आणि तो रस्ता आपल्याकडे लहानसहान नाही. अर्ध्या घरांतली मुले पुण्यात नोकरीला आहेत, सुना तिथल्या, नातवंडांच्या शाळा तिथल्या. महिन्यातून दोनदा म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याने मोठी टाकी घ्यावी, त्यात चूक काही नाही. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी एवढेच ज्यांचे पुणे आहे, त्यांनी कराडची मिसळ खावी.

मोठ्या बॅटरीबरोबर ताकदही वाढते, १७० किलोवॅटची २१० होते, शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत. मुलांना याच आकड्याचे आकर्षण. पण टॉर्क, म्हणजे घाटात आणि ओव्हरटेक करताना पहिला रेटा देणारी ओढ, दोन्हींत ३८० न्यूटन मीटर, अगदी सारखी. तवंदी चढताना मागे बसलेल्या आजीला फरक कळणार नाही.

आता लंडनची ती पावती. कर्नाटकाने विजेच्या गाड्यांना बरीच वर्षे आजीवन कर माफ ठेवला होता. २०२४ मध्ये नियम बदलला, २५ लाखांवरच्या विजेच्या गाडीला १० टक्के कर लागू झाला. बीई सिक्सची ७९ ची गाडी सुरुवातीला फक्त सर्वांत वरच्या प्रकारात होती, शोरूम किंमत २६ लाख ९० हजार. म्हणजे आपल्याकडे त्यावर जवळजवळ २ लाख ७० हजार कर. २०२५ च्या जुलैमध्ये तीच बॅटरी मधल्या प्रकारात साडेतेवीस लाखांना आली, चार्जर वेगळा. रेषेच्या खाली. माझ्या मते आपल्या भागातल्या माणसासाठी ही खरी बातमी होती, त्या वेळी तिच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. वरच्या प्रकारातल्या काही जादा सोयी सोडून जर तीच टाकी मिळत असेल, तर वरच्या प्रकारासाठी साडेतीन लाख आणि त्यावर कर कशाला?

महाराष्ट्रातही २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला होता, पण तो नंतर मागे घेतला. साहजिकच निपाणीत कुजबुज सुरू झाली, कोल्हापूरचा पत्ता दाखवून एमएच-०९ ची पाटी लावली तर? डिझेल नाक्याच्या कुठल्या बाजूला स्वस्त हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे, तेव्हा हे सुचणारच. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली की इथली नोंदणी करून घ्यावी लागते, आणि मग करही इथलाच. डिझेल भरून परत येता येते, गाडी मात्र रोज रात्री आपल्याच अंगणात उभी असते.

शेवटचा मुद्दा जुन्या बाजाराचा. निपाणीत गाडी पाच-सात वर्षांनी विकायची रीत आहे. या गाडीच्या बॅटरीला आजीवन हमी आहे, पण ती पहिल्या खाजगी मालकापुरती. मालक बदलला की ती १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर, जे आधी होईल तेवढी उरते. दर महिन्याला दोनदा पुणे केले तर त्यातच वर्षाला साडेसोळा हजार किलोमीटर होतात. सहा वर्षांनी विकणाऱ्याने गिऱ्हाईकासमोर एक लाख किलोमीटर आणि चार वर्षांची हमी असा कागद ठेवायचा आहे, दोन्ही टाक्यांना सारखाच.