सूक्ष्मजीवांची चाकरी

दुधाला विरजण लावताना आपण एका अदृश्य सेवकवर्गाला कामास जुंपतो. आपल्या गृहिणींना ही विद्या शास्त्रग्रंथांच्या कितीतरी आधीपासून अवगत आहे. पण असेच सूक्ष्मजीव मानवी देहातील संप्रेरके घडवू लागतील, हे शंभर वर्षांपूर्वी सांगणाऱ्यास लोकांनी वेड्यातच काढले असते.

1921 मध्ये टोराँटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन हाती आणले. तोवर बालवयात मधुमेह जडणे म्हणजे मृत्यूचे बोलावणेच. पुढे सुमारे साठ वर्षे हे औषध गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढले जाई. पुरवठा कत्तलखान्यांवर अवलंबून; काही रोग्यांना ते सोसतही नसे; आणि आपल्याकडे कित्येकांच्या मनाला त्याचे मूळ खुपत असे.

यातून सुटकेची वाट जनुकांच्या अभ्यासाने दाखविली. आपल्या पंजाबात जन्मलेल्या हरगोविंद खुराणा यांनी 1970 मध्ये प्रयोगशाळेत रसायनांपासून संपूर्ण जनुक रचल्याचे जाहीर केले. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात इताकुरा, रिग्ज आणि बॉयर यांनी सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे कृत्रिम जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातले. संप्रेरक लहान, अवघ्या 14 अमिनो आम्लांचे. ते एकटे निर्माण झाले असते तर जिवाणूने गिळंकृतच केले असते. म्हणून ते त्याच्याच एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडले व मागाहून रसायनाने कापून घेतले. हेच संप्रेरक प्रथम शोधताना सुमारे पाच लाख मेंढ्यांच्या मेंदूंचे अंश खर्ची पडले होते! पुढच्याच वर्षी इन्सुलिनच्या दोन्ही साखळ्या जिवाणूंकडून करवून घेण्यात आल्या, आणि 1982 मध्ये हे औषध अमेरिकेत विक्रीस मान्य झाले.

1978 याच वर्षी बंगळुरात, एका भाड्याच्या गॅरेजात, किरण मजुमदार यांनी बायोकॉन ही संस्था सुरू केली. बीअर बनविण्याचे शास्त्र त्या ऑस्ट्रेलियात शिकून आल्या होत्या. परंतु स्त्रीला ते पद द्यायला येथे कोणी धजेना. आरंभी त्या पपईपासून पपेन बनवीत. किण्वनाची तीच विद्या पुढे उपयोगी पडली. 2003 मध्ये मुंबईच्या वोखार्टने स्वदेशी मानवी इन्सुलिन बाजारात आणले. 2004 मध्ये बायोकॉननेही आणले. या दोघांनी चाकरीस ठेवले ते जिवाणूंना नव्हे, तर यीस्टला. बायोकॉनच्या यीस्टचा गुण असा, की ते इन्सुलिनचे पूर्वरूप पेशीबाहेर टाकते; त्यामुळे ते वेगळे करणे सोपे जाते.

1982 ते 2003. मधली एकवीस वर्षे शासकीय सेवेतील माझ्यासारख्याला अस्वस्थ करतात. शोध लागणे निराळे आणि तो गरजवंताच्या दारी पोहोचणे निराळे. इन्सुलिनच्या संशोधकांनी आपले हक्क टोराँटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले होते. सूक्ष्मजीव तर बिनतक्रार राबतातच. त्यांच्या श्रमाचे फळ कोणत्या भावाने वाटायचे, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागते.