लघवीतली नीळ

परीक्षानळीत लघवी घ्यायची, तेवढंच ओबरमायरचं द्रावण घालायचं, थोडं क्लोरोफॉर्म टाकून नळी हलवायची. क्लोरोफॉर्म जड, ते तळाशी बसतं. निळं दिसलं तर लघवीत इंडिकन आहे. मी लॅबमध्ये लागलो तेव्हा ही चाचणी कुणी लिहून देत नव्हतं, पण नवा टेक्निशियन आला की मी ती हटकून करून दाखवायचो. द्रावण म्हणजे वाफाळतं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर फेरिक क्लोराइड. बूच काढलं की नाक चुरचुरतं. आणि तळाचा तो रंग म्हणजे खरीखुरी नीळ, कापड रंगवायची तीच.

ही नीळ येते आतड्यातून. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातले जीवाणू इंडोल बनवतात, यकृत त्याचं इंडॉक्सिल करून त्याला सल्फेट जोडतं आणि हे इंडॉक्सिल सल्फेट, म्हणजेच इंडिकन, मूत्रपिंड बाहेर टाकतं. शरीराला स्वतःला इंडोल बनवता येत नाही. हे काम निव्वळ जीवाणूंचं.

हा माग काढला कोनिग्सबर्गच्या माक्स याफेने. क्रिएटिनिन मोजायची त्याच्या नावाची पद्धत आजही गल्लीबोळातल्या लॅबमध्ये चालते, माणूस मात्र कुणाला ठाऊक नसतो. त्वचेखाली इंडोल टोचलं की लघवीत इंडिकन वाढतं, हे त्याने 1872 मध्ये दाखवलं. 1877 मध्ये त्याने कुत्र्यांचं लहान आतडं बांधलं, तर इंडिकन भराभर चढलं. त्याच्या चाचणीत ब्लीचिंग पावडर लागे आणि ती जरा जास्त पडली की निळा रंगच उडून जाई. 1890 मध्ये व्हिएन्नाच्या ओबरमायरने फेरिक क्लोराइड आणून ती कटकट मिटवली.

चाचणी सोपी झाली आणि डॉक्टरांचं डोकं फिरलं. डोकेदुखी, थकवा, खिन्नता, सगळ्याचं खापर आतड्यात कुजणाऱ्या अन्नातून रक्तात शिरणाऱ्या विषावर फुटलं, आणि इंडिकन हा त्याचा पुरावा ठरला. पॅरिसमध्ये मेचनिकॉफ आंबवलेलं दूध प्यायला सांगत होता. ते निदान निरुपद्रवी. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात आर्बथनॉट लेनने बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच कापून काढली. मला विचाराल तर हा निव्वळ अघोरीपणा. 1919 मध्ये वॉल्टर अल्वारेझने साधा मुद्दा मांडला: शौचाला होताच माणसाला बरं वाटतं, रक्तातलं विष इतक्या झटपट ओसरेल कसं? हा त्रास आतडं ताणल्याचा. मग इंडिकनची चाचणीही हळूहळू अडगळीत गेली.

खरं तर शहाणपणाचा प्रयोग आधीच झाला होता. ऑयगेन बाउमानने 1886 मध्ये कुत्र्याला कॅलोमेल देऊन आतड्यातले जीवाणू मारले, तर लघवीतली ही सल्फेटं नाहीशी झाली. म्हणजे ती कमी होणं हीसुद्धा खबरच. 2015 मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या डॉक्टरांनी नेमकी ती वाचली. दात्याच्या मूळपेशी दिलेल्या 131 रोग्यांच्या लघवीत त्यांनी हेच इंडॉक्सिल सल्फेट मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजलं. पहिल्या दहा दिवसांत ज्यांचं कमी भरलं, त्यांच्यात वर्षभरात मृत्यू जास्त झाले. अँटिबायोटिक्सनी त्यांचे जीवाणू उद्ध्वस्त केले होते. ज्या निळ्याला विष म्हणून शिव्या घातल्या, त्याचं नसणंच धोक्याचं ठरलं.

पण तो आकडा मरणाच्या दारातल्या रोग्यांचा, धडधाकट माणसाचा नव्हे. मांसाहार, बद्धकोष्ठ, मूत्रपिंड, सगळ्यांनी तो हलतो. ‘गट हेल्थ’च्या महागड्या रिपोर्टात इंडिकन जास्त आलं, तर औषधाच्या दुकानाकडे धावण्याआधी काल काय जेवलात ते आठवा.