जिवलगांसाठी चिकाटीची प्रार्थना



राज्यांचे, तहांचे, लढायांचे कागद दप्तरखान्यात सापडतात. परंतु बंद दाराआड एखाद्या जिवलगासाठी वर्षानुवर्षे केलेल्या प्रार्थनेचे दप्तर कोठे असते? इतिहासाच्या अभ्यासकाला तिची पारख करावयाची तर एकच मार्ग उरतो: प्रार्थना करणारा माणूस त्या काळात वागला कसा, हे पाहावयाचे.

इतरांसाठी आपण प्रार्थनेत खंड पडू देऊ नये, ही शिकवण ख्रिस्ती धर्मात फार जुनी आहे. तिचे नामांकित उदाहरण म्हणजे चौथ्या शतकातील मोनिका. तिचा मुलगा ऑगस्टिन, जन्म इसवी सन ३५४, उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावचा. तो मोठा बुद्धिमान, पण आईच्या धर्मापासून दूर गेलेला. त्याच्याशी वाद घालून त्याला परत आणा, अशी गळ तिने एका बिशपाला घातली. बिशपाने नकार दिला. आता त्याला आहे तेथे राहू द्या, तुम्ही केवळ प्रार्थना करीत राहा, असे त्याचे सांगणे. पुढे पुष्कळ वर्षांनी, ३८७ साली, मिलान येथे ऑगस्टिनाचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी मोनिका निवर्तली. वादाला दिलेला तो नकार लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता आपण आपल्या गोदाकाठी येऊ. नाशिकजवळच्या जलालपूर गावी १८६८ साली गोखल्यांच्या घरात एक मुलगी जन्मली. वडील सोवळ्याने पछाडलेले. बाजारातून आणलेले जिन्नस धुऊन घेतल्यावाचून घरात यावयाचे नाहीत. त्या मुलीचे लग्न लहानपणीच नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक कोकणातील करजगावचे, जन्म १८६१ चा. नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकलेले. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक झाल्या.

१८९३ च्या सुमारास आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घर एका दिवसात दुभंगले.

ह्या प्रसंगी आपण टिळकांच्या धैर्याविषयी बोलतो. पण लक्ष्मीबाईंच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. पती जिवंत, परंतु समाजाच्या लेखी गमावलेला. पदरी लहान मुलगा. आणि आश्रय नातलगांचा. त्या पंढरपुरास जाऊन राहिल्या. पतीची श्रद्धा हा त्या दिवसांत त्यांच्यापुरता निव्वळ आघात होता. विठोबाच्या त्या गावी त्याही आपल्या देवापाशी काही मागतच असतील. एकमेकांसाठी दोघेही कळवळत आहेत आणि मागणी मात्र उलट दिशांची, असे हे चित्र आहे.

टिळक ह्या काळात अहमदनगरास होते. वाद घालून पत्नीचे मन वळणार नव्हते, आणि जबरदस्ती त्यांना करावयाची नव्हती. मग प्रार्थनेवाचून हाती काय उरले? त्यांनी दुसरा संसार मांडला नाही. पत्रव्यवहार तोडला नाही. अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन परत आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, तर पतीबरोबर राहण्यासाठी. आपला आचार त्यांनी सोडला नव्हता, आणि टिळकांनी तो सोडावयास लावला नाही. चार भिंतींच्या आत दोन धर्म नांदू लागले. माझ्या मते प्रार्थनेची खरी कसोटी येथे लागली. दूर असलेल्या माणसासाठी थांबणे त्यामानाने सोपे. रोज समोर वावरणाऱ्या माणसाला त्याच्या गतीने चालू देणे कठीण.

लक्ष्मीबाईंच्या मनात आधी पडला तो जातिभेद. देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसाने केल्या, ह्या निष्कर्षापर्यंत त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्या. श्रद्धा त्यामागून आली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या स्त्रीने पाच वर्षांत कापलेले हे अंतर पतीच्या आज्ञेने कापले गेले नव्हते, म्हणूनच ते टिकले.

टिळकांच्या संयमाचे मूळ मराठी भक्तिपरंपरेतही शोधता येईल. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. वाट पाहत राहण्याची ही रीत वारकऱ्याला शिकवावी लागत नाही.

ह्या कहाणीचा उत्तरार्ध आपण सर्व जाणता. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. प्रारंभीचे थोडे अध्यायच लिहून झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले, आणि १९३६ साली त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने बाहेर आली होती. त्यांत त्यांनी पतीचे गुण सांगितले, तसेच त्याचे विक्षिप्तपणही हसत हसत सांगितले.

म्हणून प्रार्थनेचे फळ मोजताना केवळ १९०० सालच्या बाप्तिस्म्यापाशी थांबू नये. टिळकांना आपल्या मताची अनुयायी हवी असती तर ती कदाचित लवकर मिळाली असती. परंतु ते थांबले, आणि त्यांना सहधर्मचारिणी मिळाली. मराठी भाषेला एक स्वतंत्र बुद्धीची लेखिका मिळाली. आपल्या माणसासाठी देवापाशी मागणे आणि आपल्या माणसावर हुकमत न गाजविणे, ह्या दोन गोष्टी त्या घराने एकत्र नांदविल्या. जलालपूरच्या ह्या मुलीचे चरित्र नाशिककरांनी पुन्हा पुन्हा वाचावे, ते ह्यासाठी.